पाणी निवू द्या : ग्रीन टीची ओळख आणि तो चवीने पिण्याची रीत

"मला ग्रीन टी आवडत नाही, कडू लागतो," असं सांगणाऱ्या बहुतेकांनी तो उकळत्या पाण्यातच प्यायलेला असतो. कपात कढत पाणी ओतायचं, पिशवी सोडायची, ती तशीच ठेवायची आणि शेवटी चमच्याने पिळून घ्यायची. त्यातून उतरतं ते कडवट, तुरट, जीभ कोरडी पाडणारं पाणी. तब्येतीसाठी म्हणून ते नाक मुरडत संपवलं जातं. मीही बरीच वर्षं तो असाच प्यायलो. एकदा पाणी उकळून ठेवलं आणि दुसऱ्याच कामात अडकलो. परत आलो तेव्हा ते चांगलंच निवलं होतं. पुन्हा तापवायचा कंटाळा आला म्हणून तेच पत्तीवर ओतलं. डबा तोच, पत्ती तीच, पण चहा चक्क गोडसर लागला. त्या दिवसापासून ग्रीन टी मला औषध वाटायचा थांबला. पुढचं सगळं त्या एका कपाने शिकवलेलं आहे.

झाड एकच

काळा चहा, ऊलाँग, पांढरा चहा आणि ग्रीन टी ही सगळी एकाच झाडाची लेकरं. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्या झाडाचं शास्त्रीय नाव. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. खुडलेलं, चुरगळलेलं पान हवेत ठेवलं की त्यातल्या विकरांमुळे ते तपकिरी पडू लागतं, कापलेलं सफरचंद पडतं तसं. काळ्या चहासाठी हे पूर्ण होऊ देतात. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लवकरच त्याला उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात. म्हणून पान हिरवं राहतं आणि त्याचा ताजेपणाही टिकतो. गवती चहा, कॅमोमाइल किंवा पुदिन्याचे काढे या झाडापासून बनत नाहीत, त्यामुळे पुढे सांगितलेलं तपमानाचं गणित त्यांना लागू नाही.

उष्णता देण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि चवीतला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. चीनमध्ये बहुतेक पानं तापलेल्या कढईत कोरडी परततात. त्यामुळे चहाला खमंग, भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो आणि रंग फिका पिवळसर उतरतो. जपानमध्ये पानांना वाफ देतात. तो चहा गर्द हिरवा असतो आणि त्याला कोवळ्या गवताचा, समुद्री शेवाळाचा वास असतो. पहिल्यांदाच ग्रीन टी घेणाऱ्याने चिनी चहापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तो जरा इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. जपानी चहा चुकीला फारशी माफी देत नाही, पण जमला की त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

आज आपण चहा करतो त्या रीतीमागे काही मोजके टप्पे आहेत. जुन्या काळी चहाच्या वड्या थापत आणि त्या कुटून वापरत. चीनच्या मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने १३९१ साली नजराण्यात चहाच्या वड्या घेणं बंद करून सुटी पत्ती मागवली, आणि पाण्यात पानं मुरवण्याची पद्धत रूढ झाली. जपानमध्ये ११९१ साली एइसाई या भिक्षूने चीनहून चहाचं बी आणलं असं मानतात. पुढे १७३८ साली उजी भागातल्या नागातानी सोएन याने पानं वाफवून, हाताने वळून वाळवण्याची पद्धत बसवली. जपानमध्ये आज सगळ्यात जास्त प्यायला जाणारा सेंचा हा चहा त्याच पद्धतीतून आला.

कडूपणा येतो कुठून?

हे एकदा समजलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. पानात चवीच्या दृष्टीने तीन मुख्य गोष्टी असतात. कॅटेचिन तुरटपणा आणि कडूपणा देतात. कॅफिनने तरतरी येते आणि थोडा कडूपणाही येतो. तिसरं थिअनिन. हे अमिनो आम्ल १९४९ साली जपानमध्ये ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या चहातून प्रथम वेगळं केलं गेलं. चहाचा गोडसर, भरलेला, जिभेवर रेंगाळणारा स्वाद मुख्यतः त्याचा.

थिअनिन कोमट पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफिन मात्र पाणी जितकं गरम तितके भराभर उतरतात. म्हणजे उकळत्या पाण्यात तिन्ही येतात आणि कडूपणा बाकीच्यांना झाकून टाकतो. निवलेल्या पाण्यात गोडवा पुढे येतो, कडूपणा मागे राहतो. चव तुमच्या हातात आहे ती या एका कारणामुळे.

मळ्यातही याच तत्त्वावर काम चालतं. थिअनिन मुळांत तयार होऊन पानांत चढतं आणि ऊन लागलं की त्याचं कॅटेचिनमध्ये रूपांतर होऊ लागतं. म्हणून ग्योकुरोची झुडपं खुडणीआधी साधारण तीन आठवडे आच्छादनाखाली ठेवतात. ऊन कमी, म्हणून गोडवा जास्त. वसंतातली पहिली खुडणी महाग असण्याचं कारणही तेच: थंडीभर झाडाने साठवलेलं सगळं त्या कोवळ्या पानांत असतं.

निवड आणि खरेदी

नावांची यादी न संपणारी आहे. सुरुवातीला चार-पाच नावं माहीत असली तरी पुरे.

लोंगजिंग हा चीनच्या हांगचौ शहराजवळचा चहा. कढईत हाताने दाबून परतल्यामुळे त्याची पानं चपटी असतात. एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या छिंगमिंग सणाआधी खुडलेला सगळ्यात नाजूक समजला जातो. बिलोचुन सुचौजवळच्या ताइहू सरोवराकाठचा. त्याची बारीक, गोगलगाईसारखी वळलेली, पांढऱ्या लवेची पानं असतात. गनपावडर म्हणजे वळून गोळ्या केलेला दणकट चहा. मोरोक्कोत पुदिना घालून पितात तो हाच. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला जास्मिन चहा नवख्यांना पटकन आवडतो. चांगल्या जास्मिन चहात ताज्या फुलांचे थर देऊन पत्तीला वास शोषू देतात आणि मग फुलं काढून टाकतात.

जपानी चहात सेंचा हा रोजचा. ग्योकुरो सावलीतला, घट्ट आणि गोड. होजिचा भाजलेला, तपकिरी, सौम्य. गेनमाइचात भाजलेले तांदूळ मिसळलेले असतात. कडूपणाची धास्ती असेल त्याने होजिचा किंवा गेनमाइचा घ्यावा. हे दोन्ही गरम पाण्यातही बिघडत नाहीत.

खरेदी करताना पाकिटावर भपकेबाज दाव्यांपेक्षा खुडणीचा हंगाम, प्रदेश आणि पॅकिंगची तारीख शोधा. जिथे ही माहिती लपवलेली नाही, तिथला चहा सहसा बरा निघतो. पानं शक्यतो अखंड असावीत, रंग जिवंत असावा, वास घेतल्यावर ताजं वाटावं. पिवळट पडलेली, गवताच्या भाऱ्यासारखा वास येणारी पत्ती जुनी झालेली असते. पिशव्यांतल्या चहात बहुधा बारीक चुरा असतो. तो झटकन उतरतो आणि झटकन कडू होतो. पिशवीच वापरायची असेल तर निवलेल्या पाण्यात एक ते दीड मिनिट ठेवा, अलगद उचला आणि पिळू नका.

थोडाच घ्या. हवा, उजेड, उष्णता, ओल आणि परके वास हे ग्रीन टीचे वैरी आहेत. घट्ट झाकणाच्या, आरपार न दिसणाऱ्या डब्यात ठेवा, मसाल्यांपासून आणि शेगडीपासून लांब. उघडलेलं पाकीट एक-दोन महिन्यांत संपवलेलं चांगलं. न उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये टिकतं, पण बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका. आधी ते खोलीच्या तपमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पत्तीवर हवेतली वाफ बसते आणि एका दिवसात ती मऊ पडते.

पहिला कप : सेंचा

एक कप मन लावून करून बघू. लागणारं सामान: एक छोटी किटली किंवा झाकण असलेलं कोणतंही भांडं, गाळणी, दोन कप आणि जमल्यास छोटा वजनकाटा. थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

१. पाणी ताजं आणि शक्यतो मृदू घ्या. जड पाण्यात चहा मंद, गढूळ लागतो आणि वर पातळ साय धरते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर गाळलेलं पाणी वापरा. पाणी एकदा उकळून घ्या.

२. ते ७० ते ७५ अंशांवर आणा. सगळ्यात सोपी युक्ती मिसळण्याची. दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग खोलीच्या तपमानाचं पिण्याचं पाणी एकत्र केलं की ७५ च्या आसपास येतं. तीनास एक घेतलं तर ८० च्या जवळ, अर्धं-अर्धं घेतलं तर ६० च्या वर. दुसरी रीत पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याची. थंड भांड्यात दर वेळी ओतताना ते ५ ते १० अंशांनी उतरतं. उकळतं पाणी आधी कपांत ओतलं तर ते निवतंही, कपही गरम होतात आणि माप आपोआप ठरतं. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. त्या दोन मिनिटांत हात संथ होतात.

३. २०० मिलिलीटर पाण्याला ४ ग्रॅम पत्ती घ्या. काटा नसेल तर सेंचाचे दोन लहान सपाट चमचे धरून चला. फुलक्या चिनी पानांचं आकारमान जास्त असतं, तिथे चमचे वाढवावे लागतात. डोळ्यांनी अंदाज बसेपर्यंत निदान आठवडाभर वजन करा.

४. पत्ती भांड्यात टाका आणि तिचा वास घ्या. किटली गरम पाण्याने धुऊन घेतलेली असेल तर कोरडी पत्ती त्या उबेत दरवळते. हा दरवळ पुढे कपात तसाच येत नाही, म्हणून तो आत्ताच घ्यायचा.

५. पाणी पानांवर अलगद ओता, झाकण ठेवा, एक मिनिट थांबा. हलवू नका, ढवळू नका. सुईसारखी वळलेली पानं सावकाश सैल होत उघडायला लागतात. अर्धवट उघडली की ओतायची वेळ झाली.

६. दोन्ही कपांत थोडं-थोडं, आलटून पालटून ओता. पहिल्यात, दुसऱ्यात, मग उलट क्रमाने. नाहीतर एक कप फिका आणि एक कडक होतो. शेवटचा थेंब उतरेपर्यंत भांडं उपडं धरा. सगळ्यात दाट चव त्याच थेंबांत असते, आणि पाणी मागे राहिलं तर पानं त्यात मुरत राहून पुढचा कप कडू करतात.

७. झाकण किंचित तिरकं ठेवा, पानं वाफेत शिजू देऊ नका.

दुसऱ्या खेपेला पाणी थोडं जास्त गरम, ८० अंश, आणि वेळ अवघी १० ते १५ सेकंद. पानं आधीच उघडलेली असतात, त्यांना थांबावं लागत नाही. नवशिके इथे हटकून चुकतात, पुन्हा मिनिटभर ठेवतात. तिसऱ्या खेपेला पाणी आणखी गरम आणि अर्धा मिनिट. पहिला कप गोड आणि दाट, दुसरा ताजा आणि झणझणीत, तिसरा हलका. एकाच चमचाभर पत्तीतून तीन वेगळे चहा मिळतात. पिशवी फेकून देणाऱ्याला यातला एकच माहीत असतो.

इतर चहांचं तपमान याच अंगाने ठरवा. ग्योकुरोला ५० ते ६० अंश, पाणी थोडं, पत्ती भरपूर आणि दीड ते दोन मिनिटं. चिनी चहांना ७५ ते ८५. होजिचा, बांचा (उशिरा खुडलेल्या जाड पानांचा साधा जपानी चहा) आणि गेनमाइचाला ९० च्या वर. पान जितकं कोवळं, तितकं पाणी निवलेलं.

काचेच्या पेल्यात

चीनमध्ये लोंगजिंग बरेचदा साध्या उंच काचेच्या पेल्यात करतात. किटली नको, गाळणी नको. तीन ग्रॅम पानं टाका, ८० अंशांचं पाणी चौथाईभर ओता, पेला हळूच फिरवून पानं भिजू द्या, मग उरलेलं पाणी वरून बारीक धारेने सोडा. पानं आधी वर तरंगतात. मग एकेक पान पाणी पिऊन जड होतं, उभं राहतं आणि देठाकडून खाली उतरू लागतं. बरीचशी तळाला गेली की प्यायला सुरुवात करा. पेला एक-तृतीयांश उरला की पुन्हा पाणी भरा. पूर्ण रिकामा करू नका, तळाशी राहिलेला चहा पुढच्या भरणीला चव देतो.

बिलोचुनसाठी क्रम उलटा: आधी पाणी, मग वरून पानं. ती इतकी नाजूक आणि जड असतात की पाणी वरून पडलं तर मार खातात, आणि सोडली की आपोआप तळ गाठतात.

थर्मामीटर नसताना चिनी लोक पाण्याच्या बुडबुड्यांवरून अंदाज घेत आले आहेत. तळाशी कोळंबीच्या डोळ्यांएवढे बारीक बुडबुडे दिसले की पाणी नाजूक ग्रीन टीजोगं. खेकड्याच्या डोळ्यांएवढे झाले की थोडं पुढे. माशाच्या डोळ्यांएवढे झाले की ग्रीन टीसाठी जास्तच तापलं. अर्थात पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री असेल तेव्हाच न उकळता वापरा.

थंड पाण्यातला चहा

उन्हाळ्यात ही रीत सगळ्यात बिनचूक. एक लिटर थंड पिण्याच्या पाण्यात १० ग्रॅम पत्ती, झाकून फ्रीजमध्ये चार ते सहा तास, मग गाळून घ्या. कडूपणा जवळपास नसतोच, कॅफिनही कमी उतरतं. साखरेची आठवण येत नाही. त्याच दिवशी संपवा.

माचा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात सावलीतली पानं वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात. एक जातं तासाला ४० ग्रॅमच्या आसपासच पूड देतं, किंमत का चढते ते त्यातून कळतं. २ ग्रॅम पूड चाळून वाडग्यात घ्या, ८० अंशांचं ७० मिलिलीटर पाणी घाला आणि बांबूच्या घुसळणीने मनगट सैल ठेवून मागेपुढे भराभर हलवा. गोल फिरवलं तर फेस येत नाही. इथे पान सगळंच पोटात जातं, त्यामुळे कॅफिनही जास्त.

बिघडलं तर

कडू झाला तर पुढच्या वेळी आधी पाणी निववा, तरीही कडू वाटला तर वेळ कमी करा, पत्तीला सगळ्यात शेवटी हात लावा. पत्ती कमी करून जास्त वेळ मुरवणं हा उलटा उपाय आहे, त्याने चहा पातळही होतो आणि तुरटही. पाणचट वाटला तर पत्ती वाढवा. गवताळ, शिळा वास आला तर पत्तीच जुनी आहे. तिला कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवत तपकिरी होईतो भाजा, घरचा होजिचा तयार होतो. दूध घालू नका, त्यातली प्रथिनं कॅटेचिनला धरून बसतात आणि नाजूक वास दबतो. लिंबू किंवा मध आवडत असेल तर जरूर घाला, फक्त पहिले दोन घोट काही न घालता घ्या.

तब्येतीबद्दल, थोडं स्पष्टच

ग्रीन टीने वजन झपाट्याने उतरतं हा समज सोडून द्या. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात वजनातला फरक इतका किरकोळ आढळला की प्रत्यक्षात त्याला फारसा अर्थ नव्हता. साखर-दुधाच्या पेयाऐवजी तो घेतलात तर तेवढी साखर वाचते, हा फायदा मात्र खरा.

२४० मिलिलीटरच्या कपात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच कॉफीत ९५ च्या आसपास. झोपेची तक्रार असेल तर दुपारनंतर टाळा. अन्नातलं, विशेषतः वनस्पतिजन्य, लोह शोषण्यात चहा अडथळा आणतो, म्हणून रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणापासून तासभर अंतर ठेवावं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर आधी थोडं खा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) किंवा नॅडोलॉल (रक्तदाबाचं) ही औषधं चालू असतील, किंवा गरोदर असाल, तर किती प्यावा हे डॉक्टरांना विचारा. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या हा वेगळाच विषय आहे: दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) देणाऱ्या गोळ्यांमुळे यकृताला इजा होण्याची शक्यता युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवली आहे. कपातल्या चहाला त्या पर्याय नाहीत. आणि ६५ अंशांहून गरम पेयं पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटलं आहे. कप हातात आल्यावरही जरा थांबा.

पानं टाकण्याआधी

शेवटची खेप झाली की भिजलेली पानं बशीत काढून बोटांनी पसरवा. पाकिटावर लिहिलेलं खरं की खोटं ते इथे कळतं. चांगल्या लोंगजिंगमध्ये एक कळी आणि तिला चिकटलेली एक-दोन पानं अखंड सापडतात, रंग पिवळसर हिरवा, हाताला मऊ. नुसते तुकडे, जाड देठ आणि तपकिरी डाग दिसले तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या. वाफवलेला सेंचा मात्र तुकड्यांतच निघतो, तो त्याचा दोष नव्हे. आणि ग्योकुरो असेल तर ती पानं फेकू नका. त्यांवर दोन थेंब सोया सॉस टाकून खा, कोवळ्या पालेभाजीसारखी लागतात.